घाटात डिस्क ब्रेक तापला, तर घरी आल्यावर काय तपासायचं

नव्याने माउंटन बाइक घेतलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "उतारावर ब्रेक लागेनासा झाला होता, पण खाली येऊन गार झाला आणि पुन्हा नीट लागायला लागला." यातला दुसरा अर्धा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. ब्रेक गार झाला म्हणजे बरा झाला, असं नसतं. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे रोटरला, चिमटणाऱ्या पॅडचा पृष्ठभाग भाजून गुळगुळीत झाला असेल, तर तो गार झाल्यावरही गुळगुळीतच राहतो. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमधलं ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले असतील, तर त्यातला थोडा वायू आतच राहू शकतो. सपाट रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही. जाणवतं ते पुढच्या उतारावर, नेमक्या वळणाच्या आधी.

मराठवाड्यात उतार कुठले, असं विचारणाऱ्याने म्हैसमाळवरून खुलताबादला आणि तिथून दौलताबादचा घाट उतरून संभाजीनगरला यावं. बीडकडच्या मंडळींना मांजरसुंब्याजवळून कपिलधारकडे जाणारा रस्ता माहीत आहे, धाराशिवकरांना तुळजापूरचा घाट, नांदेडकरांना माहूर. सह्याद्रीएवढे लांब उतार आपल्याकडे नाहीत. पण ब्रेक तापायला तेवढे लागतही नाहीत.

आधी हिशेब, म्हणजे भीती नको आणि दुर्लक्षही नको

ब्रेक वेग कमी करतो म्हणजे वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलतो. माणूस, सायकल, पाणी, पाठीवरची पिशवी मिळून ९० किलो धरा. ताशी ३६ किलोमीटरच्या वेगातून पूर्ण थांबायला साधारण ४.५ किलोज्यूल उष्णता तयार होते. १६० मिलिमीटर व्यासाचा साधा रोटर जेमतेम ११० ग्रॅम पोलादाचा असतो. ही सगळी उष्णता त्या एकाच रोटरमध्ये गेली, तर त्याचं तापमान एका थांबण्यात ८० अंशांच्या आसपास वाढतं.

आता उताराचं बघा. तेच ९० किलो १०० मीटर उंचीवरून खाली आणायला ८८ किलोज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे तसं पूर्ण थांबणं जवळपास २० वेळा. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचं ३०० मिलिलिटर पाणी उकळीला येईल. यातला काही भाग वारा आणि टायर खातात, उरलेला सगळा दोन पातळ चकत्यांवर येतो. मधे वारा लागून त्या गार होत राहतात म्हणून निभतं. उतारभर ब्रेक हलका दाबून ठेवला, तर चकतीला आणि पॅडला दम खायला वेळच मिळत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मे महिन्यात ४२ अंश असताना ब्रेक तापला की लोक उन्हाला दोष देतात. रोटर जिथे तीनशे अंशांपर्यंत जाऊ शकतो, तिथे हवा २५ अंश आहे की ४२, याने फार फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो वजनाने, उताराच्या लांबीने आणि ब्रेक धरून ठेवण्याच्या सवयीने. डिसेंबरच्या पहाटेही ब्रेक तापतो.

जागेवर, पहिली काही मिनिटं

ब्रेक लागेनासा वाटू लागला, जळका वास आला, किंवा हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जाऊ लागला, तर लगेच थांबायची जागा शोधा. दोन्ही ब्रेक वापरा, कडेच्या मुरमावर किंवा चढाच्या बाजूला सायकल घ्या, आणि थांबल्यावर लिव्हर सोडून द्या. हे सोडणं महत्त्वाचं आहे. थांबलेल्या सायकलचा ब्रेक दाबून धरला, तर तापलेल्या रोटरची उष्णता पॅडमधून थेट त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते. उतारावर उभी करायची असेल, तर चाकाला दगड लावा.

रोटरला हात लावू नका. चटका बसतो आणि बोटाचं तेलही त्याला लागतं. बाटलीतलं पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरा. तापलेल्या पातळ पोलादावर एका बाजूने गार पाणी पडलं, तर रोटर वाकडा होऊ शकतो, आणि आत ॲल्युमिनियमचा थर असलेल्या महागड्या रोटरला तर हे अजिबात सोसत नाही. गार होताना टिंग टिंग आवाज येतो. त्याने घाबरायचं कारण नाही. धातू आकसतो, त्याचा तो आवाज आहे.

रोटर काही मिनिटांत निवतो. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो भाग) आणि त्यातलं ऑइल निवायला जास्त वेळ घेतात, म्हणून अर्धा तास बसा. मग पुढचा आणि मागचा लिव्हर वेगवेगळा दाबून बघा. एक जरी लिव्हर ग्रिपला टेकत असेल, तर उरलेला घाट सायकल हातात धरून उतरा. दौलताबादच्या घाटात तर हा नियम मोडूच नका. तिथला दिल्ली दरवाजा अरुंद आहे, समोरून गाडी येते. श्रावणातल्या शनिवारी किंवा हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीला पायी निघालेल्या माणसांनी तो रस्ता भरलेला असतो. तुमचा ब्रेक तिथे इतरांच्याही जिवाशी बांधलेला आहे.

लिव्हर काय सांगतो ते ऐका

घरी आल्यावर पाना हातात घेण्याआधी उतारावर नेमकं काय झालं ते आठवा. पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

लिव्हर नेहमीसारखा कडक होता, जोर लावला तरी सायकल थांबत नव्हती? मग दोष पॅडचा किंवा रोटरचा आहे. पॅड बांधून ठेवणारं राळेसारखं द्रव्य जास्त तापलं की पृष्ठभागावर येऊन पसरतं आणि पॅडची पकड जाते. ऑइलला हात लावायची गरज नाही.

लिव्हर मऊ झाला, आत आत जाऊ लागला, ग्रिपला टेकला? मग ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की तुमच्या बोटाचा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो, पिस्टनपर्यंत पोचत नाही.

तिसरा प्रकार: लिव्हर ठीक आहे, पण खाली आल्यापासून चाक फिरताना खर्र-खर्र घासतं किंवा ब्रेक लावल्यावर लिव्हर बोटाखाली धडधडतो. हा वाकड्या रोटरचा किंवा आत परत न जाणाऱ्या पिस्टनचा प्रश्न आहे.

दोन-तीन गोष्टी एकदमही झालेल्या असू शकतात. पण सुरुवात कुठून करायची हे कळलं की विनाकारण सगळं उघडून बसावं लागत नाही. पुढचा ब्रेक आधी बघा. उतारावर वजन पुढे येतं आणि जास्त काम त्यालाच पडतं.

सामान

ॲलन की चा संच, टी-२५ चा पाना (बहुतेक सहा बोल्टच्या रोटरला हाच लागतो), स्वच्छ सुती फडकं जे आधी कशालाही वापरलेलं नाही, १०० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर, इयरबड, प्लास्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी), रबरी हातमोजे, मास्क. आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात.

आयपीए कुठे मिळेल असा प्रश्न परळी, वसमत, उदगीरसारख्या ठिकाणच्या नव्या लोकांना पडतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारा. सर्किट साफ करायला तो तेच वापरतो, आणि कुठून आणतो ते सांगेल. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात हात मऊ ठेवणारं ग्लिसरीन असतं आणि ते पॅडमध्ये मुरतं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल तर मुळीच नको. आणखी एक, दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर सायकल धुवायला देऊ नका. बऱ्याच ठिकाणी शेवटी चमक यावी म्हणून डिझेलचा किंवा पॉलिशचा फवारा मारतात. तो रोटरवर पडला की पॅड गेलेच समजा, शिवाय जोराचं पाणी चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या बेअरिंगमध्ये शिरतं ते वेगळंच.

पॅड काढा आणि उजेडात धरा

सायकल शक्यतो उभी ठेवून काम करा. आपल्याकडे सायकल उलटी करून सीटवर टेकवायची पद्धत आहे. पण हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हरपाशी ऑइलची छोटी टाकी असते. तिच्यात थोडी हवा असेल, तर सायकल उलटी केल्यावर ती नळीत जाते आणि लिव्हर मऊ होतो. उलटी केलीच असेल, तर सरळ केल्यावर थोडा वेळ तशीच उभी ठेवा, मग लिव्हर दहा-वीस वेळा हळूहळू दाबा.

चाक काढा. चाक नसताना ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, घरातल्या लहान मुलांनाही दाबू देऊ नका. मधे रोटर नसला की पिस्टन बाहेर येतात. दोन पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवलात तर अनर्थ टळेल.

पॅडची पिन काढा. ती कुठे स्क्रूची असते, कुठे दोन पायांची वाकवलेली. पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्रच बाहेर येते. कुठला पॅड कुठल्या बाजूचा, ते लक्षात ठेवा. आता दारात या, पॅड उन्हात धरा आणि जरा तिरका करा. चांगल्या पॅडचा पृष्ठभाग मंद, खरखरीत दिसतो, उजेड त्यावर पसरत नाही. भाजलेला पॅड काचेसारखा चकाकतो. नखाने हलकंच ओढलं तर नख घसरतं. कधी चकाकी सगळीकडे नसते, फक्त एका टोकाला असते. तसं दिसलं, तर कॅलिपर सरळ बसलेला नाही असं समजा आणि ते पुढे दुरुस्त करायचं लक्षात ठेवा.

नुसती चकाकी असेल, तर पॅड वाचतो. पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवा, पॅड त्यावर उपडा ठेवून आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा. चमक जाऊन सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद दिसेपर्यंतच. पॅडचा पदार्थ जपून वापरायचा आहे. हे काम अंगणात, मास्क लावून करा, आणि पडलेली भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नंतर पॅड आयपीएने पुसून वाळवा.

पण काही पॅड टाकूनच द्यावे लागतात. पदार्थाला तडे गेले असतील, कडा भुगा होऊन पडत असतील, राखेसारखा पांढरट रंग आला असेल, किंवा पदार्थ पाठीमागच्या पत्र्यापासून सुटू लागला असेल, तर घासत बसू नका. जाडीही बघा. शिमानो ही ब्रेक बनवणारी कंपनी ०.५ मिलिमीटर पदार्थ उरला की पॅड बदला म्हणते. घाटात जाणाऱ्याने तोवर थांबू नये, हे माझं मत. पातळ पॅडमधून उष्णता लवकर आत पोचते, आणि १ मिलिमीटरच्या खाली गेलेला पॅड मी उतारावर नेणार नाही.

तेल लागलेले पॅड गॅसवर भाजून 'ठीक' करायचा एक सल्ला फिरत असतो. तो मानू नका. धूर विषारी असतो, आणि भाजल्यावर पॅडला पत्र्याशी धरून ठेवणारा थर किती उरला ते बाहेरून कळत नाही. नवे पॅड घ्या. दुकानात जाताना जुना पॅड सोबत न्या, कारण आकार ब्रेकगणिक बदलतात.

नवे घेताना रेझिन की मेटल, असं विचारलं जाईल. रेझिन पॅड लवकर पकडतात, आवाज कमी करतात, पण जास्त तापले की पकड सोडतात. मेटलचे पॅड उष्णता सोसतात, मात्र ती ऑइलकडे जास्त जाऊ देतात आणि रोटर लवकर झिजवतात. लांब उतारासाठी मेटल बरे. पण आधी रोटर वाचा. स्वस्त सायकलींच्या बऱ्याच रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं इंग्रजीत कोरलेलं असतं. ते पोलाद मऊ असतं, मेटलचे पॅड त्याला खाऊन टाकतात. अशा वेळी रोटरही बदलायची तयारी ठेवा, नाहीतर रेझिनवरच राहा.

रोटर

रोटर पिवळसर, जांभळा किंवा निळा झालेला दिसला, तर तो किती तापला होता त्याची ती खूण आहे. नुसत्या हलक्या रंगासाठी रोटर टाकायचं कारण नाही. तडा दिसला, मधल्या भोकांच्या कडेने केसासारखी रेघ दिसली, किंवा घासायच्या पट्ट्यावर नखाला लागेल असा खळगा पडला, तर मात्र टाका. रोटरवर कमीत कमी जाडी लिहिलेली असते. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटरचा असतो आणि १.५ वर बदलायचा असतो. मोजायला मायक्रोमीटर लागतो. लेथ मशीनवाल्याकडे तो असतो, त्याला विनंती करा, मोजून देईल.

वाकडेपणा बघायला चाक बसवा, सायकलचं चाक जमिनीपासून उचला, कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरा आणि चाक हळू फिरवा. रोटर आणि पॅडमधली पांढरी फट एकसारखी राहते का ते डोळ्याने दिसतं. एखाद्याच जागी फट बंद होत असेल, तर ती जागा मार्करने बाहेरच्या कडेला खूण करा, आयपीएने पुसलेल्या स्क्रू पान्यात रोटर तिथे धरा आणि अगदी थोडा उलट वाकवा. पुन्हा फिरवून बघा. घाई केली की एकाच्या तीन जागा वाकड्या होतात. दोन्ही बाजूंना लपलपणारा रोटर सरळ करण्यात वेळ घालवू नका, नवा आणा. बोल्ट घट्ट करताना समोरासमोरचे एकामागून एक आवळा, आणि किती जोराने, ते त्या कंपनीच्या आकड्याप्रमाणे. सगळ्यांचा सारखा नसतो.

मग रोटर दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने हलका खरवडा आणि आयपीएने पुसा, फडक्याची बाजू बदलत, ते काळं होणं थांबेपर्यंत.

पिस्टन

आपल्या भागातला फुफाटा कॅलिपरच्या आत जाऊन पिस्टनच्या कडेला बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा फ्रेमला आणि कॅलिपरला चिकटतो, वाळतो, आणि पिस्टन परत आत जायला अडतो. मग पॅड दिवसभर रोटरला टेकलेला राहतो आणि उतार यायच्या आधीच ब्रेक गरम असतो. 'माझाच ब्रेक का तापतो' याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

एका पिस्टनला टायर लिव्हरने अडवून धरा आणि ब्रेकचा लिव्हर अगदी थोडा दाबा, म्हणजे दुसरा पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर येईल. जास्त नाही. त्याची कड आयपीएत भिजवलेल्या इयरबडने फिरवून पुसा. काळं यायचं थांबलं की त्या ब्रेकला जे ऑइल चालतं त्याचाच एक थेंब इयरबडवर घेऊन कडेला लावा, जास्तीचं पुसून टाका, आणि टायर लिव्हरच्या सपाट भागाने पिस्टन सरळ आत ढकला. स्क्रू ड्रायव्हर लावू नका, काही पिस्टन चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाचे असतात आणि त्यांना टवका उडतो. मग दुसरी बाजू. कडेला ओलसर चिखल सतत दिसत असेल, तर पिस्टनभोवतीचं रबरी सील गळतंय. तो कॅलिपर दुकानात न्या.

ऑइल: सगळ्यात मोठी चूक इथे होते

सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन वेगवेगळ्या जातींचं ऑइल असतं. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांत मिनरल ऑइल. होप, हेज आणि स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट, म्हणजे मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये वापरतात त्या जातीचं. स्रॅमने अलीकडे काही ब्रेक मिनरलवर आणले आहेत, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

आपल्याकडे होतं असं, की गल्लीतल्या सायकलवाल्या काकांकडे मिनरल ऑइल नसतं. ते शेजारच्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानातून मोटारसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली आणतात. ती डॉट ३ किंवा डॉट ४ असते. काकांचा हेतू चांगला असतो, स्पोक आवळण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि खराब होतात. उलट केलं तरी तेच. नुसतं ऑइल परत काढून भागत नाही, सील बदलावे लागतात, स्वस्त ब्रेकचे सील सुटे मिळत नाहीत आणि अख्खा ब्रेक घ्यावा लागतो. म्हणून सायकल दुकानात ठेवताना हँडलवर चिठ्ठी चिकटवा: "मिनरल ऑइलच. डॉट नको." मिनरल ऑइल ऑनलाइन किंवा पुण्या-संभाजीनगरच्या मोठ्या सायकल दुकानातून आधीच मागवून घरात ठेवा.

डॉटचा स्वभाव वेगळा आहे. ते हवेतली ओल शोषतं आणि जसजशी ओल मुरते तसतसं कमी तापमानाला उकळतं. डॉट ४ नवं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळायला हवं, ओल मुरल्यावर ते १५५ वर येतं. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०, डॉट ३ चे २०५ आणि १४०. म्हणजे दोन-तीन पावसाळे जुनं ऑइल घेऊन घाट उतरणं म्हणजे उकळी जवळ आणून ठेवणं. ते एकदा उकळलं असेल, तर सगळं काढून नव्या, सील न फोडलेल्या बाटलीतलं भरा. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट ५ हे नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, ते सायकलमध्ये घालायचं नाही. डॉट रंग खातं, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मिनरल ऑइल ओल शोषत नाही, हे खरं. पण आत पाणी शिरलंच, तर ते ऑइलमध्ये मिसळत नाही, खाली कॅलिपरमध्ये जाऊन बसतं, आणि पाणी तर १०० अंशांना उकळतं. शिवाय डॉटसारखं एकच प्रमाण मिनरलला नाही, म्हणून आपल्या ब्रेकच्या कंपनीचंच वापरलेलं बरं.

ऑइल बदलून हवा काढणं म्हणजे ब्लीडिंग. पहिल्यांदा हे एखाद्या जाणकारासोबत करा किंवा त्याच्या शेजारी उभं राहून बघा. पॅड आणि चाक आधी काढून ठेवायचं, दोन पिस्टनच्या मधे ठोकळा बसवायचा, म्हणजे सांडलेलं ऑइल पॅडवर जात नाही आणि पिस्टन जागचे हलत नाहीत. शिमानोत वर फनेल लावून खालून सिरिंजने ऑइल ढकलतात, स्रॅममध्ये वर आणि खाली दोन सिरिंज लागतात. बाहेर येणारं ऑइल पांढऱ्या वाटीत धरून बघा. काळपट, राखाडी आलं, तर ते बदलायलाच आलं होतं.

लिव्हर रात्रभर रबराने बांधून ठेवला की सकाळी कडक लागतो, हे खरं आहे. बुडबुडे वर टाकीत जातात म्हणून. पण उकळलेलं ऑइल आतच असतं. त्या कडकपणावर विसंबून घाटात जाऊ नका.

केबलचा डिस्क ब्रेक असेल तर

बहुतेकांची पहिली सायकल अशीच असते. इथे ऑइल नाही, म्हणून उकळणंही नाही. पॅड आणि रोटरचं काम वर सांगितलं तसंच. पण यात बरेचदा एकच पॅड सरकतो आणि रोटरला वाकवून दुसऱ्यावर टेकवतो. आतला स्थिर पॅड रोटरच्या जेवढा जवळ, तेवढं चांगलं. त्याचा स्क्रू फिरवून फट जेमतेम दिसेल इतकी ठेवा. कॅलिपरजवळची केबलची प्लास्टिक नळी मऊ पडली किंवा सुरकुतली असेल, तर केबल आणि नळी दोन्ही बदला, खर्च फार नाही.

जोडणी आणि पॅड बसवणं

पॅड, स्प्रिंग, पिन, चाक बसवा. लिव्हर काही वेळा दाबून पॅड रोटरजवळ आणा. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, आणि तसाच धरून बोल्ट आळीपाळीने आवळा, शिमानोत ६ ते ८ न्यूटन मीटर इतक्या जोराने. मग पुन्हा पांढरा कागद धरून फट बघा. लिव्हर जोराने मिनिटभर दाबून धरा. हळूहळू आत जात असेल, तर कुठेतरी हवा किंवा गळती आहे, रस्त्यावर नेऊ नका.

घासलेल्या किंवा नव्या पॅडचा पातळ थर रोटरवर बसल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. मोकळा, सपाट रस्ता बघा. पहाटेचं शाळेचं मैदान किंवा शेताकडचा डांबरी रस्ताही चालेल. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने या, एकच ब्रेक घट्ट पण सावकाश दाबा, चालण्याइतका वेग झाला की सोडा. पूर्ण थांबू नका, चाक अडकू देऊ नका, नाहीतर थर एकाच जागी साचतो आणि ब्रेक धडधडतो. असं वीसेक वेळा, मग थोड्या जास्त वेगाने दहाएक वेळा. त्यानंतर दुसऱ्या ब्रेकचं. सुरुवातीला पकड कमी वाटते, मग हळूहळू बोटाला ती वाढलेली कळते.

पुन्हा उतारावर

पहिली चाचणी छोट्या उतारावर घ्या. संभाजीनगरला गोगाबाबा टेकडी किंवा शहरालगतच्या सातारा भागातल्या डोंगराचा पायथा पुरे. ब्रेक उतारभर धरून ठेवायचा नाही. सरळ पट्ट्यात छाती उभी करून वारा अंगावर घ्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नेमके आणि जोरात लावा, वेग हवा तेवढा आला की पूर्ण सोडा. सोडलेल्या काळातच रोटर निवतो. लांब घाटात मधे एकदा थांबा.

एवढं करूनही तुमचा ब्रेक तापत असेल, आणि तुमचं वजन किंवा सामान जास्त असेल, तर पुढे १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर लावा. जास्त पोलाद, जास्त पृष्ठभाग, आणि त्याच बोटाच्या जोरात जास्त पकड. कॅलिपरला त्या मापाचा अडॅप्टर लागतो. त्याआधी फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, जास्तीत जास्त किती मोठा रोटर चालतो ते फोर्कच्या माहितीपत्रकात बघा. स्वस्त फोर्कची मर्यादा बऱ्याचदा १८० लाच संपते.